पाजायची सुट्टी

माझ्या सुनेला कारखान्यात बाळाला पाजायची सुट्टी मिळते. ही कायद्याची सुट्टी आहे, साहेबाची मर्जी नव्हे. दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. फाटकाच्या आत, सायकलींच्या छपराशेजारी त्यासाठी खोली बांधली आहे. गुबगुबीत खुर्ची, हात धुवायला बेसिन, दाराला आतून कडी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. भिंतीवर एका बाईचं चित्र आहे, बाळाला छातीशी धरून हसणारी. ती बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. जिला घड्याळाकडे बघत पाजायचं असतं ती अशी हसत नाही.

हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, मेला कारखानाच वाईट. वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं, आणि भांडण मला चांगलं जमतं, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. इथे जो तो गोड बोलायचा, जो तो नियमाप्रमाणे वागायचा, आणि माझा नातू सुकत चालला होता.

नातवाला आम्ही ढब्बू म्हणतो. जन्मला तेव्हा गाल एवढे की डोळे शोधावे लागायचे. मुलगा माझा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवतो, महिनामहिना घरी नसतो. बाळंतपणाची रजा संपली आणि सून कामावर गेली, तेव्हा ठरलं असं की मी ढब्बूला घेऊन बसने कारखान्यावर जायचं, दोन्ही सुट्ट्यांत त्याला आईकडे द्यायचं आणि घरी यायचं. बाटली तो तोंडातच घेत नव्हता. चमच्याने दिलं तर फुर्रकन माझ्याच तोंडावर उडवायचा. मला हसू यायचं. म्हटलं, आजीवर गेलाय, मनाविरुद्ध काही खपवून घेत नाही.

पहिल्या दिवशी घंटा झाली आणि सून येईना. ढब्बूने रडून खोली डोक्यावर घेतली. शेवटी ती धावत आली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, गालांवर मास्कचे लाल वळ. धपकन बसली, त्याला घेतलं. तो लागला, चुटूचुटू ओढायला लागला, जरा कुठे दूध सुटलं असेल, तोच ती म्हणाली, "आई, धरा ह्याला."

"अगं, आत्ता तर लागलाय!"

"धरा ना आई, वेळ संपली." आणि बोट घालून तिने त्याचं तोंड सोडवलं. त्याच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं आणि तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू मीच त्याचं ताट ओढलं.

मग संध्याकाळी तिने मला समजावलं. ती डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्या भरते. त्या खोलीत धुळीचा कण चालत नाही. आत जायचं तर कोपरापर्यंत हात धुवायचे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा, त्यावर टोपडं, मास्क, चष्मा, हातमोज्यांचे दोन जोड, उंच बूट. मग वाऱ्याच्या झोताच्या दारात उभं राहायचं. बाहेर यायचं तर हे सगळं उतरवायचं आणि परत जाताना नवं चढवायचं. सुट्टी मोजतात ती यंत्र सोडल्यापासून यंत्रावर परत येईपर्यंत. म्हणजे पंधरातली बहुतेक मिनिटं कपडे काढण्यात आणि घालण्यातच जायची. उरायचं ते ढब्बूचं.

मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसात गेले. तिथे कामगारांचं बघायला एक तरुण बाई आहे. बोलणं इतकं गोड की मी तिचं नाव साखरबाई ठेवलं. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजी, तुमचं बरोबर आहे. पण नियमात पंधरा मिनिटं लिहिलंय. कुठून मोजायची ते लिहिलेलं नाही."

"मग खुर्चीत बसल्यापासून मोजा की."

"मला मोजता येत नाही ना आजी. मी वर विचारते. तोवर त्यांना पंप वापरायला सांगा, दूध काढून ठेवता येतं."

"आणि पंप लावायला तो पोशाख नाही उतरवावा लागत?"

ती बिचारी समोरचे कागद सारखे करायला लागली. खरंच बिचारी. टेबलाखालून तिच्या पायाची चुळबुळ मला दिसत होती.

'वर' म्हणजे कुठे कोण जाणे. उत्तर काही खाली आलं नाही. आम्ही तसेच रेटत राहिलो. ढब्बू अर्धवट प्यायचा, अर्धवट रडायचा, आणि संध्याकाळी सून घरी आली की तिला इतका घट्ट धरायचा की तिला चप्पल काढायची सोय नसायची.

मग ओलीचा प्रकार झाला. एक दिवस सुट्टीला उशीर होता, छाती भरून आलेली, आणि पोशाखाच्या आतून दूध पाझरलं. पांढऱ्यावर पांढरं, पण काचेपलीकडच्या पर्यवेक्षिकेला ओल दिसली. त्या खोलीत ओल म्हणजे जंतू. यंत्र थांबलं. त्या दिवशी भरलेल्या सगळ्या बाटल्या फेकल्या. खोली पुन्हा पहिल्यापासून धुवायला लागली आणि तिच्या रांगेतल्या सगळ्या बायका उशिरापर्यंत थांबल्या. एकीची मुलगी शाळेच्या दारात वाट बघत उभी राहिली. सुनेला कुणी एक शब्द बोललं नाही. साखरबाई तर म्हणाली, "तुमचा काही दोष नाही, हवं तर बाहेर खोकी भरायच्या कामावर जा." पण बाहेरचं काम कंत्राटी, आज आहे उद्या नाही, आणि कंत्राटी बाईला पाजायची सुट्टीच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

हे सगळं मला नंतर कळलं. मला ती एवढंच म्हणाली, "आई, काही दिवस ढब्बूला आणू नका. आत तपासणी चालू आहे, सुट्टी मिळत नाही. मी सकाळी पाजून जाईन, संध्याकाळी आल्यावर पाजेन." मी मान हलवली. डब्याचं दूध आणलं. वाटी-चमचा, कापसाचा बोळा, बोट बुडवून चाखवणं, सगळं करून पाहिलं. भुकेपुढे त्याचं काही चालेना, म्हणून तो थोडं घ्यायचा आणि घेतलेलं सगळं पातळ होऊन बाहेर यायचं. दिवसभर मी लंगोट धुवायचे. मुलगा फोनवर विचारायचा, "काय म्हणतोय आमचा ढब्बू?" आणि मी म्हणायचे, "म्हणतोय, बापाला रस्ता सरळ धरायला सांगा." दुसरं काय सांगणार? तो तिकडे चाकावर बसलेला.

एकदा वाळत घातलेले कपडे काढताना सुनेच्या परकराखाली एक लांब पट्टी सापडली. पाय मुरगळला की गुंडाळतात ना, तसली ताणणारी. मी विचारलं, "तुझा पाय कधी मुरगळला?" ती घाईघाईने उरलेले कपडे गोळा करायला लागली. मी तिच्याकडे नीट बघितलं. तिने उजवा हात अंगापासून जरा लांब धरलेला होता, काखेत गळू झाल्यासारखा. मी तिच्या छातीला नुसता हात लावला आणि ती कळवळली. तापलेल्या तव्यासारखी लागली मला.

"तू बांधतेस?"

"ओल होऊ नये म्हणून. फक्त कामावर असताना."

"कधीपासून?"

"त्या दिवसापासून." आणि मग ती मला समजावायला लागली, अगदी शाळेतल्या मुलीसारखी. "आई, आमच्या यंत्राची तोटी बंद केली की औषध थांबतं. सकाळी उघडली की तिथूनच चालू होतं, थेंब वाया जात नाही. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत थांबेल."

वर्षानुवर्षं तोट्या उघडून आणि बंद करून तिला वाटलं असणार की अंगही तसंच चालतं. मला तिला एक लगावावी असंही वाटलं आणि कवेत घ्यावंसंही वाटलं. केलं यातलं काहीच नाही, ती पट्टी हातात घेऊन बसले.

कारण छाती कधी बांधतात ते मला माहीत होतं. माझी पहिली मुलगी आठवडाभराची होऊन गेली. पाळणा रिकामा आणि मी भरलेली. माझ्या आईने जुन्या कापडाच्या पट्ट्या फाडून मला करकचून बांधलं. "थोडे दिवस दुखेल, मग आटेल," म्हणाली. तसंच झालं. बांधतात ती मेलेल्या बाळाच्या आईची छाती. जित्या बाळाच्या आईची नाही बांधत गं, नाही बांधत. मी हे तिला मोठ्याने सांगितलं. सांगायला नको होतं. ती त्या पट्टीकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडाचा रंगच उडाला.

दवाखान्यात गेलो. उजव्या बाजूला पू झाला होता. डॉक्टरांनी चिरून काढला. ताप अंगात होता आणि ती गोळ्या खाऊन कामावर जात होती, कारण दारात ताप मोजतात. ढब्बूलाही तिथेच काट्यावर ठेवलं. डॉक्टरांनी काटा पुन्हा एकदा बघितला. म्हणाले, आणखी उतरलं तर दाखल करावं लागेल. डब्याचं दूध बदलून दिलं, पण म्हणाले, ह्या पोराच्या पोटाला आईचंच लागतं आहे.

सुनेने विचारलं, "येईल का परत?"

डॉक्टर निघून गेले होते. नर्स होती, वयस्कर, हात पुसत उभी. ती म्हणाली, "लावत राहा. कोरडं असलं तरी लावत राहा. दिवसासुद्धा, सुट्टीतसुद्धा. मुलाने ओढलं तरच येतं. कुणाला चार दिवसांत येतं, कुणाला पंधरा. कुणाला नाही येत."

मुलाने ओढलं तरच. म्हणजे परत ती खोली, परत ती सुट्टी.

मूल रडल्याशिवाय आई पाजत नाही म्हणतात. ही म्हण कुणी काढली त्याला माझ्यासमोर आणा. रडून रडून माझ्या पोराचा आवाज बसला होता, आणि त्याची आई चार भिंतींपलीकडे बाटल्या भरत होती. पण मग मनात आलं, आईपर्यंत पोचत नसेल तर दुसऱ्या कुणापर्यंत पोचू दे. दुसऱ्या दिवशी सून जखम झाकून कामावर गेली, मी ढब्बूला उचललं आणि थेट साखरबाईच्या टेबलासमोर जाऊन बसले. न पाजता. देव मला क्षमा करो, मी त्याला मुद्दाम भुकेलं नेलं.

तो रडला. ऑफिसभर रडला. फोनवर बोलणारे फोन ठेवून बघायला लागले. एकाने दार लावून घेतलं. साखरबाई म्हणाली, "आजी, प्लीज, ह्याला काहीतरी द्या ना."

"द्यायचं ते तुमच्या आतल्या खोलीत आहे. पोशाखात गुंडाळलेलं."

ती उठली, पाण्याचा पेला घेतला, न पिताच ठेवला. मग तिने फोन उचलला आणि मी तिला पहिल्यांदा साखर न घालता बोलताना ऐकलं. तिने 'वर' फोन केलाच, पण सरकारी निरीक्षकालाही केला. नोकरी गेली असती तिची. मी मनातल्या मनात तिचं नाव बदललं, पण तोंडात मात्र तेच बसलं आहे.

निरीक्षक आला. माणूस सरळ होता. सुनेबरोबर पोशाखाच्या दारापर्यंत जाऊन स्वतः बघून आला. म्हणाला, कायदा आईला मूल पाजायला वेळ देतो, बूट घालायला नाही. वेळ खुर्चीत बसल्यापासून धरायचा, तेवढा वेळ यंत्रावर बदली बाई द्यायची. तसा हुकूम निघाला. फळ्यावर लागला. रांगेतल्या बायकांनी माझ्या सुनेचे हात हातात घेतले. त्यांच्यात दोघी पोटुशी होत्या.

साखरबाई मला हुकूम वाचून दाखवायला फाटकापर्यंत आली. डोळे पाणावलेले. मग जरा चाचरत म्हणाली, "वरून एकच विचारलंय आजी. बाळ अंगावर पितंय ना? सुट्टी पाजणाऱ्या आईलाच आहे. डब्यावर असेल तर लागू होत नाही."

"पितंय की," मी म्हटलं. "चांगलं पितंय."

तोवर सुनेची एक बाजू बंद झाली होती आणि दुसरीतून काही येत होतं की नाही, हे तिलाच ठाऊक.

नव्या नियमाचा पहिला दिवस. मी ढब्बूला घेऊन गेले. कडेवर आता त्याचं ओझं वाटत नाही, हे सांगायलाही नको वाटतं. सून आली. धावत नाही, चालत आली. चेहरा धुतलेला होता. खुर्चीत टेकून बसली, त्याला मांडीवर घेतलं, आणि मी दाराची कडी लावली.

ढब्बूने तोंड लावलं. ओढलं. थांबला. परत ओढलं. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. मूल गिळतं तेव्हा गळा हलतो, तेवढं मला दिसायला हवं होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याने तोंड काढलं, आईकडे बघितलं आणि रडायला लागला.

"परत लाव," मी म्हटलं.

तिने लावलं. त्याने पाठीची कमान केली, मुठींनी तिला ढकललं. ती "ये ना रे, ये ना माझ्या राजा" म्हणत होती, आणि मला कळत नव्हतं की ती त्याला म्हणते आहे की दुधाला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. गरम पाण्यात फडकं पिळून दिलं. बाजू बदलली. चिरलेल्या बाजूला तोंड लागलं तेव्हा तिने ओठ इतका चावला की रक्त आलं, पण त्याला काढलं नाही.

"किती वेळ झाला आई?"

"पुष्कळ आहे अजून."

खरंच पुष्कळ होता. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चण्यांची रास समोर, आणि हे. ती भिंतीला डोकं टेकून म्हणाली, "आई, आता मला लवकर जावंसं वाटतंय. आत. यंत्रावर." आणि मग हुंदका आला तिला, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते, आणि ढब्बू त्या हलणाऱ्या अंगावर तोंड शोधत होता.

दारावर टकटक झाली. साखरबाईचा आवाज. "सगळं ठीक ना? पितोय ना छान?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर सुट्टी बंद. सुट्टी बंद तर दिवसा तोंड लागणार नाही, आणि तोंड लागलं नाही तर परत येण्याची जी काही आशा नर्सने दिली होती तीही संपली. ती नाकातलं पाणी ओढून, हसऱ्या आवाजात म्हणाली, "हो मॅडम! पितोय."

"पोटभर होऊ दे हं. घाई करू नका."

पावलं लांब गेली. आम्ही पूर्ण वेळ बसलो. तो मधूनमधून ओढत होता, मधूनमधून रडत होता, शेवटी नुसतं तोंडात धरून दमून पडला. वेळ झाली तशी तिने त्याला माझ्याकडे दिलं, कपडे नीट केले आणि बेसिनवर तोंड धुतलं. जाताना म्हणाली, "दुपारीही आणा. उद्याही आणा." मी मान हलवली. ती पोशाख चढवायला गेली.

मी खोलीबाहेर आले तोच ढब्बूला जाग आली. तोंडात काही नाही हे कळल्यावर त्याने जो सूर लावला तो पार रस्त्यापर्यंत गेला असेल. पिशवीत चमचा आणि डब्याचं दूध होतं, पण ते कारखान्याच्या आवारात काढायची सोय नव्हती. कुणी बघितलं तर? मी त्याला खांद्यावर थोपटत तशीच फाटकाकडे निघाले.

फाटकावरचा रखवालदार भल्यामोठ्या मिशांचा, माझ्याशी रोज चेष्टा करणारा. त्याने साखळी काढत ढब्बूकडे बघितलं आणि मोठ्याने हसला. "काय हो आजी! आज तर साहेबासारखी बैठक मारली, पुरी पंधरा मिनिटं. तरी रडतोय? भलताच हावरट आहे तुमचा नातू!"

"आहेच मेला हावरट," मी म्हटलं, आणि त्याच्याबरोबर हसले. उद्या परत फाटक त्यालाच उघडायचं होतं.